तोर्ड्याचे जहाज आणि आत्याची खिडकी

आत्याला कोल्हापूरला देऊन चाळीस वर्षे झाली. गोव्यात आली की मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा आणि नातेवाइकांकडची जेवणे एवढाच तिचा कार्यक्रम. यंदा डिसेंबरात आली तेव्हा मी हट्टच धरला, की एक दिवस माझ्यासाठी काढ, तुला दोन इमारती दाखवायच्या आहेत. "इमारती काय बघायच्या रे?" म्हणाली, पण सकाळी नऊला तयार होती.

पहिला मुक्काम तोर्डा. पणजीहून मांडवी पूल ओलांडायचा, पर्वरीला हमरस्ता सोडायचा आणि पूर्वेला साल्वादोर दो मुंद गावाच्या बाजूने आत शिरायचे. अंतर सात-आठ किलोमीटर असेल, पण पर्वरीला गाड्या तुंबतात, म्हणून हाताशी तासभर ठेवा. बस हमरस्त्यावर सोडते आणि आत चालणे बरेच आहे. एकटे असाल तर पणजीहून पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, करा, घरची माणसे असतील तर गाडीच बरी.

आतल्या रस्त्याला फाटे फुटतात तिथे मधोमध एक त्रिकोणी तुकडा उरला आहे. एरवी अशा जागी कुंपण घालून चार झाडे लावतात. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी तिथे चक्क जहाज उभे केले! तेच ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे गोव्यातल्या घरांचे संग्रहालय. त्रिकोणाचे निमुळते टोक झाली जहाजाची नाळ, म्हणजे पुढची चोच, आणि वाहने दोन्ही अंगांनी पाण्यासारखी वाहतात. गाडीतून उतरल्यावर लगेच आत जाऊ नका. आधी इमारतीभोवती पूर्ण फेरी मारा, कारण प्रत्येक बाजूने ती वेगळी दिसते. आम्ही दोन फेऱ्या मारल्या.

आत कौले, फरशा, दारे, खांब, जुनी छायाचित्रे असे सगळे मांडले आहे. जिने चढावे लागतात, गुडघेदुखी असलेल्यांनी सावकाश. हिंदूंचे घर आत वळलेले, राजांगणाभोवती म्हणजे मधल्या चौकाभोवती, मधे तुळस. ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करून, पुढे बल्कांव म्हणजे छप्पर असलेला ओटा आणि त्यावर बसायला बांधीव बाके, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला. दोन्हीकडे चिरा तोच आणि पाऊसही तोच. लहानपणापासून ही घरे बघतो आहे, पण हा फरक कुणी असा समोर ठेवला नव्हता.

आत्या थांबली ती शिंपल्यांच्या खिडकीपाशी. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळात आपल्याकडे चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांमध्ये एकावर एक सरकवत. ऊन त्यातून गाळून येते, दुधात हळद पडल्यासारखे. जवळून बघितले तर प्रत्येक शिंपल्यावर बारीक वळ्या दिसतात, आणि एकाची छटा दुसऱ्यासारखी नसते. आत्या हात मागे बांधून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "डिचोलीच्या घरी माजघराला अशाच होत्या. दुपारी आई तिथेच तांदूळ निवडायची. दादांनी काढून काचा लावल्या, तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता." माझ्या जन्माआधीची गोष्ट. आमच्या घरात शिंपले होते हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

समोर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांची गॅलरी आहे, तीही बघा. दा कुन्हा यांनीच बांधलेली लहान मुलांची शाळा शेजारी आहे, ती बाहेरूनच बघावी. संग्रहालयाला तिकीट आहे. सोमवार टाळा आणि निघण्यापूर्वी फोन करा. दीड तास तरी हवाच.

दुपारी पणजीत जेवून, उन्हे उतरल्यावर कांपालला कला अकादमी. वास्तुविशारद चार्ल्स कुरैया मूळ गोव्याचे, आणि १९८३ साली पुरी झालेली ही इमारत त्यांनी मांडवीच्या काठाशी इतकी बसकी ठेवली आहे की झाडांच्या वर ती डोके काढत नाही. रस्त्यावरून पायऱ्या चढून सावलीत शिरलात की चालता चालता समोर नदी येते. आम्हा गोव्यातल्या मराठी माणसांसाठी हे नाट्यस्पर्धेचे घर. २०१९ मध्ये इमारतीचा काही भाग पाडण्याची भाषा झाली तेव्हा कलाकार आणि वास्तुविशारद विरोधात उभे राहिले. पुढे दुरुस्तीसाठी ती बंद होती, २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडली. तेवढा काळ कांपालवरून जाताना मला तिकडे बघवत नसे.

एक सांगतो, दिवसा नुसती इमारत बघून परतू नका. संध्याकाळी एखादा कार्यक्रम असेल असा दिवस निवडा, म्हणजे तिथल्या नाट्यगृहाच्या, दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या, आत जाता येईल. बाजूच्या भिंतींवर मारियोंनी रंगवलेले सज्जे आहेत, त्यांत गोव्याची माणसे नाटक बघायला बसली आहेत. त्या दिवशी गाण्याची बैठक होती. दिवे मंद होईपर्यंत आत्या एकेक चेहरा निरखत होती.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली नाही. डिचोलीला जाऊन बंद घराच्या माळ्यावर चढलो. जुन्या पितळी भांड्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सतरा शिंपले सापडले. चार ती कोल्हापूरला घेऊन गेली.