पहाटेची मिस्सा आणि जांभळा पुतो

फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागला की मॉलमध्ये नाताळची गाणी सुरू होतात. पण खरी धामधूम 16 डिसेंबरच्या पहाटेपासून. तेव्हापासून 24 तारखेपर्यंत नऊ दिवस अंधारातच मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना असते, तिला इथे सिम्बांग गाबी म्हणतात. शेतकऱ्यांना उजाडताच शेतावर जायचं असे, म्हणून स्पॅनिश काळात ही वेळ पडली असं सांगतात. आता मनिलात शेतं कुठली? तरी माणसं डोळे चोळत येतात. कॉल सेंटरची रात्रपाळी उरकून, गळ्यात ओळखपत्र तसंच ठेवून आलेली पोरंही त्यात असतात. नऊच्या नऊ मिस्सा पुऱ्या केल्या की मनातली इच्छा फळते, असा समज आहे.

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या ताई नेतात म्हणून जाते, आणि खरं सांगायचं तर बाहेरच्या खाऊच्या गाड्यांसाठी जाते.

तिथे राज्य दोघांचं. एक बिबिंका. नाव ऐकून गोव्याचा थरांचा बेबिंक डोळ्यांपुढे येईल, पण हा एकाच थराचा, तांदळाच्या पिठाचा आणि नारळाच्या दुधाचा केक. केळीच्या पानावर घालतात, वर-खाली निखारे ठेवून भाजतात आणि वर बदकाच्या खारवलेल्या अंड्याच्या चकत्या लावतात. छान लागतो. पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्यात, बांबूत वाफवलेल्या पुतो बुम्बोंगमध्ये.

चिकट तांदूळ भिजवून वाटायचे, वजनाखाली दाबून पाणी काढायचं, मग ते पीठ चाळून रवाळ करायचं. हे सगळं गाडीवाली घरूनच करून आणते. आपल्यासमोर ती बांबूच्या नळीत पीठ सैलसर भरते. दाबून भरलं तर वाफ आतून जात नाही. नळी वाफेच्या भांड्यावर उभी करायची, थोड्या वेळाने फडक्यात धरून आपटायची, की जांभळी कांडी केळीच्या पानावर पडते. त्यावर मार्गारीन, ओलं खोबरं आणि काळपट मस्कोवाडो साखर. पिरुरुतोंग नावाच्या काळसर तांदळाने हा रंग येतो. तो तांदूळ आता दुर्मीळ आणि महाग झालाय, म्हणून बरेच जण सरळ खायचा रंग घालतात.

एका खेपेला नळ्या मोजक्याच, त्यामुळे रांग हलत नाही, आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे. मिस्सेत शेजारी बसून एक शब्द न बोललेली माणसं रांगेत एकमेकांच्या आईची तब्येत विचारतात. दुबईला असलेल्या मुलीला तिथूनच व्हिडिओ कॉल लागतो, आणि फोन अख्ख्या रांगेतून फिरतो. म्हाताऱ्यांना सगळे न सांगता पुढे घेतात. स्वतः खाऊन झालं तरी घरच्यांसाठी एक पुडकं बांधून घ्यायचंच, नाहीतर “आमच्यासाठी काय आणलंस?” ठरलेलं.

हल्ली मॉलमध्ये पुतो बुम्बोंग बारा महिने मिळतो. गार हवेत, लगेच, टोकन घेऊन. मी एकदा खाल्ला, पुन्हा गेले नाही.

डिसेंबरात मनिलाला येणार असाल तर लास पिन्यासच्या चर्चला जरूर जा. तिथे 1824 साली पुरा झालेला ऑर्गन आहे, 1031 पैकी 902 नळ्या बांबूच्या. शाकाहारी असाल तर बिबिंका सोडा, त्यात अंडं असतं. पुतो बुम्बोंग बिनधास्त खा. मार्गारीन नको असेल तर आधीच सांगा, त्यांचा हात सढळ असतो.