पद्मिनीचा आयडलर

रविवार, रात्री

नखांतलं ग्रीस कपड्यांच्या पावडरीने घासूनही निघत नाही. आजचा सगळा दिवस माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीखाली गेला.

गेल्या महिन्यात कात्रजच्या घाटात गाडी सरळ चालेना. डावीकडे ओढते म्हणावं, तर तेही नाही. एका खड्ड्याला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे. चाकांचे कोन तपासायला अलाइनमेंटला नेली. मशीनच्या यादीत पद्मिनी नव्हतीच. पोरगा म्हणाला, "काका, जवळपासची एखादी गाडी टाकतो." टाकली. पडद्यावरचे आकडे हिरवे झाले, मी पैसे दिले, आणि चार दिवसांत गाडी पुन्हा तशीच.

बुधवारी पुढच्या टायरवरून तळवा फिरवला. बाहेरून आत नेताना गुळगुळीत, आतून बाहेर आणताना किसणी. म्हणजे टो-इन जास्त, चाकं पुढून एकमेकांकडे वाजवीपेक्षा जास्त वळलेली. पण चार दिवसांत माप हलतं, तर कुठेतरी ढिलं असणारच. मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरच्या पुढे; कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना चालू होता तेव्हापासून या गाड्या खोलताहेत. जॅक लावायला निघालो तर ओरडलेच. "चाकं जमिनीवरच राहू देत. पोरीला आत बसव, स्टेअरिंग जरा जरा हलवायला सांग." मग माझा हात धरून आयडलरवर, म्हणजे स्टेअरिंगच्या मधल्या दांड्याचं डावं टोक पेलणाऱ्या आर्मवर, ठेवला. टकटक, टकटक. चाक वळायच्या आधी आर्म वर उचलला जात होता.

पद्मिनीला रॅक, म्हणजे चाकं वळवणारी एकच दातेरी पट्टी, नाही. उजवीकडे स्टेअरिंग बॉक्स, डावीकडे आयडलर, मधे दांडा. आयडलरचं बुश, म्हणजे आर्म ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजलं की दांड्याचं डावं टोक नाचतं आणि चालत्या गाडीत टो बदलत राहतो. मशीनवर गाडी उभी असते, तिथे ते कुठून दिसायला? बुश काढलं तर भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर असले भाग सहज मिळायचे. 2023 मध्ये त्याही गेल्या. शेवटी लेथवर पितळी बुश करून घेतलं.

आज ते बसवलं आणि टो घरीच लावला. दोन्ही टायरांच्या मधोमध, पुढच्या बाजूला, एक्सलच्या उंचीवर खडूची खूण करायची आणि अंतर मोजायचं. मग गाडी ढकलून तीच खूण मागे त्याच उंचीला आणायची आणि पुन्हा मोजायचं. खूण तीच ठेवायची, म्हणजे रिम वाकडी असली तरी माप फसत नाही. मागचं अंतर 9 मिलिमीटरने जास्त निघालं. मेस्त्री म्हणाले, जुन्या नायलॉन टायरांना टो-इन जास्त लागायचा, तुझ्या रेडियल टायरांना इतका कशाला? मधल्या दांड्यापासून चाकाकडे जाणारा तो टाय रॉड; त्याच्या स्लीव्हला, म्हणजे जोडनळीला, एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे स्लीव्ह फिरवली की रॉड लांबतो किंवा आखूड होतो. उजवीकडची स्लीव्ह आवळून धरणारा क्लॅम्प गंजून बसलेला. रॉकेल सोडून तासभर वाट पाहिली, पाना दोनदा सटकला, अंगठ्याचं साल गेलं. कंटाळून सगळा हिशोब डाव्या स्लीव्हवरच उरकला. 2 मिलिमीटरवर आणून सोडलं.

संध्याकाळी सिंहगड रोडला चक्कर. खड्ड्यात चाक गेलं तरी गाडी बिचकली नाही. फक्त सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं तिरकं राहतंय. एकाच बाजूची स्लीव्ह फिरवल्यावर दुसरं काय होणार! क्लॅम्पवर पुन्हा रॉकेल सोडून ठेवलंय. उद्या एक स्लीव्ह जेवढी सोडायची, तेवढीच दुसरी आवळायची.