एक्स-रेत न दिसलेले दुखणे

गेली 14 वर्षे मी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या न चुकवता घेत आहे. सोलापुरातल्या हजारो बायकांप्रमाणे मीही विड्या वळते, त्यामुळे उजव्या जांघेत दुखू लागले तेव्हा दिवसभर सूप पुढ्यात घेऊन मांडी घालून बसण्याचाच हा त्रास असावा, असे मी धरून चालले होते. कळ गुडघ्यापर्यंत उतरत असे, म्हणून आधी गुडघ्याचा एक्स-रे निघाला, मग खुब्याचा. दोन्हींत काही दिसले नाही. मलम, कॅल्शियम आणि कंबरपट्टा यांत सात महिने गेले. तोवर गुडघा जमिनीला टेकेनासा झाला होता आणि पानात तंबाखू भरून विडी वळताना कळ आली की हातातला दोरा सुटत असे.

एआरटी केंद्रात त्रास विचारला की मी ताप, खोकला, वजन एवढेच सांगत असे. हाडाचे दुखणे तिथे सांगायचे असते, हे मनातही आले नव्हते. समुपदेशक ताईंनी मला लंगडताना पाहिले आणि डॉक्टरांपुढे नेले. त्यांनी मला उताणे झोपवून पाय आतल्या बाजूला वळवला, तशी मी किंचाळले. एमआरआयमध्ये कळले की मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरत चालले होते. डाव्या बाजूलाही सुरुवात होती. हा आजार सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही आणि एचआयव्ही असलेल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतो. क्षयरोगाच्या वेळी मी घेतलेल्या स्टिरॉइडचाही त्यात वाटा असावा, असे डॉक्टर म्हणाले. माझ्या गोळ्यांतल्या टेनोफोविर या औषधाने हाडांची घनता थोडी कमी होते, पण ती गोष्ट वेगळी आहे आणि गोळ्या स्वतःहून मुळीच थांबवायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावले.

छिद्र पाडून हाडातला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली. एका रुग्णालयाने मात्र माझा एचआयव्हीचा रिपोर्ट पाहून दिलेली तारीख रद्द केली. असा भेदभाव करण्यास 2017 च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे, हे मला ताईंकडून नंतर समजले. दुसरीकडे तारीख मिळेपर्यंत उजव्या मांडीच्या हाडाचे डोके खचले आणि सांधाच बदलावा लागला. डावा खुबा वेळेत छिद्र पाडल्यामुळे अजून टिकून आहे.

आता मी खुर्चीवर बसते आणि सूप समोरच्या स्टुलावर ठेवते. विड्या पूर्वीपेक्षा कमी होतात, पण दोरा सुटत नाही.