पहिल्या बेसवर ब्रेक मारू नका रे!

पुण्यात बेसबॉलला येणारी बहुतेक पोरं आधी क्रिकेट खेळलेली, त्यामुळे ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला की पहिल्या बेसजवळ आपोआप स्लो होतात आणि तिथेच आउट. अरे, पहिला बेस ओलांडून पुढे पळत जायला परवानगी आहे! ९० फूट जीव तोडून पळा, बेसच्या अलीकडच्या कडेवर पाय टाका आणि सरळ पुढे निघून जा, फक्त सेकंडकडे (दुसऱ्या बेसकडे) जायचा प्रयत्न केलात तर टॅग होऊ शकता, म्हणजे बॉल अंगाला लावून आउट. बॉल आउटफिल्डला गेला असेल तर मात्र बेसच्या आधीच थोडं उजवीकडे बाहेर जाऊन आतल्या कोपऱ्यावर पाय मारत वळायचं, म्हणजे सेकंडकडे सरळ लाइन मिळते.

पहिल्या बेसवरून स्टील करताना, म्हणजे पुढचा बेस चोरताना, पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) तोंडाकडे बघूच नका, पायाकडे बघा. उजव्या हाताचा पिचर असेल आणि त्याचा डावा पाय आधी उचलला गेला तर बॉल होमकडेच (बॅटरकडेच) जाणार, सुटा! अमेरिकेतल्या रिकी हेंडरसन या बेसबॉलपटूने १९८२ मध्ये एका सीझनला १३० बेस चोरले, नुसत्या स्पीडवर हे होत नाही, मला तरी असंच वाटतं.

आणि तुम्ही बेसवर असताना फ्लाय बॉल (हवेतला उंच फटका) उडाला की आधी आउट किती झालेत ते आठवा, दोन असतील तर बॅट लागताक्षणी पळत सुटायचं, कॅच होतोय का बघत थांबायचं नाही.