मॅकग्रेगर आडनावावर बंदी होती, म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून: राजानं एका कुळाचं आडनावच बंद केलं, तर ते घरातही उच्चारायचं नाही का? आणि मग त्यांचे वंशज आज शोधायचे कसे?

घरातलं बोलणं कोण अडवणार? बंदीचा रोख कागदावर होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, ग्लेनऑर्की आणि ग्लेनस्ट्रेच्या खोऱ्यांत मॅकग्रेगर पिढ्यानपिढ्या तलवारीच्या हक्कानं राहत. जमिनीच्या सनदा मात्र शेजारचं कॅम्पबेल कुळ मिळवत गेलं. वहिवाट एकाची, कागद दुसऱ्याचा. मॅकग्रेगरांना नुसते गुरंचोर म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

७ फेब्रुवारी १६०३ला ग्लेन फ्रुइनमध्ये त्यांनी कहून कुळाची मोठी कापाकापी केली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडच्या गादीकडे डोळे लावून होता. ३ एप्रिलला, तो लंडनला निघण्याच्या दोन दिवस आधी, फर्मान निघालं: हे आडनाव टाका, नाहीतर मरणाची शिक्षा. कुळप्रमुख अलास्डेरला इंग्लंडात सुखरूप पोचवण्याचं वचन अर्गाइलच्या अर्लनं, म्हणजे कॅम्पबेलांच्या प्रमुख सरदारानं, दिलं. हद्दीपलीकडे नेलं, तिथून तसंच परत आणलं. २० जानेवारी १६०४ला एडिनबरात त्याला फाशी झाली.

पुढचे नियम याहून बारीक होते. १६१३मध्ये ठरलं, की आडनाव बदललेल्यांनीही चारपेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही. हत्यार म्हणून जवळ फक्त जेवणापुरती, टोक नसलेली सुरी. १६३३च्या कायद्यानुसार पाद्र्यानं मुलाचं नाव ग्रेगर ठेवायचं नाही, लेखनिकानं त्या आडनावाचा दस्त करायचा नाही. दस्त नाही म्हणजे कर्ज नाही, जमिनीचा करार नाही. माणूस जिवंत, पण व्यवहारातून बाद.

बंदी १६६१मध्ये उठली, १६९३मध्ये पुन्हा आली आणि १७७४मध्ये कायमची गेली. या कुळातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय १६७१चा, म्हणून बाप्तिस्म्याला मॅकग्रेगर. १६९३नंतर त्यानं आईचं कॅम्पबेल आडनाव लावलं.

आता शोधाचं. १८५५पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदी आहेत. तिथून मागे चर्चच्या नोंदवह्यांत जा. फक्त आडनाव धरून गेलात तर हमखास चुकाल. त्यांनी मरे, ग्रँट, ड्रमंड, स्टुअर्ट, कॅम्पबेल अशी कितीतरी नावं घेतली, आणि एकाच माणसाला दोन आडनावं असू शकतात. त्यापेक्षा शेतवाडीचं नाव, वडिलांचं पहिलं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव ही तिन्ही एकत्र जुळवा. तिथल्या नोंदींत लग्नानंतरही बायकांचं माहेरचं आडनाव येतं, त्याचा फार उपयोग होतो. टार्टन, म्हणजे कुळाकुळाचं चौकड्यांचं कापड, विकणाऱ्या दुकानांतल्या आडनावांच्या याद्या पुरावा नव्हेत. प्रत्येक ग्रँट काही लपलेला मॅकग्रेगर नाही. शंका उरलीच तर वाय गुणसूत्राची चाचणी करता येते, पण ती फक्त बाप-मुलगा अशा सलग पुरुषवंशाबद्दल बोलते. आईकडून आलेलं नातं तिच्यात दिसणार नाही.

बंदी उठल्यावर सगळे लगेच जुन्या आडनावाकडे परतले, असंही धरू नका. ८२६ जणांनी सह्या करून ज्यांना कुळप्रमुख मानलं, ते लॅन्रिकचे जॉन मरे बंगालमध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत मरे म्हणूनच राहिले. मॅकग्रेगर हे आडनाव त्यांनी परत घेतलं ते १८२२मध्ये.