३७ किलो कुठून आले?

होडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली तेव्हा आकडा आला १३१. एंटरप्राइज जातीच्या रिकाम्या होडीचं वजन ९४ किलोच्या आसपास असायला हवं. मी बेलापूरला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. सदतीस किलोंचा फरक कुठून आला हे कळल्याशिवाय पुढचं पान उलटायची मला सवय नाही. त्या दिवशी वहीत १३१ लिहिलं, आणि पुढचे नऊ महिने ते पान माझ्यासमोर उघडंच राहिलं.

थोडं मागून सांगते. दोन हिवाळे मी मुंबई बंदरात शिडाची होडी शिकायला जात होते. शिकले ती एंटरप्राइजवरच. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाने १९५६ साली तिचा आराखडा केला. लांबी सव्वातेरा फूट, दोन माणसं, दोन शिडं, आणि ती शिडं निळी. मधली फळी खालून वर ओढून घेता येते, म्हणून उथळ पाण्यातही चालते. आपल्या खाडीसाठी मला हीच होडी हवी होती. घोडबंदर रोडवरच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात, आंब्याखाली, अशी एक होडी कित्येक वर्षं पडून असल्याचं कळलं. बांधा फायबरचा, डोलकाठी ॲल्युमिनियमची, शिडं गोणीत भरलेली, खाली गंजलेला ट्रेलर. अडतीस हजारांना घेतली. बघायला गेले तेव्हा तडे मोजले, फोटो काढले, रंग कुठे उडालाय ते पाहिलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकूनही पाहिलं. काही ठिकाणी टणटण वाजत होतं, काही ठिकाणी भद्द. भद्दचा अर्थ तेव्हा कळला नाही.

ट्रेलरला कागदपत्रं नव्हती, आणि रस्त्यावर ट्रेलर ओढायचा तर त्याची आरटीओकडे नोंदणी लागते. म्हणून चौदा फुटी टेम्पो केला. आमच्या सोसायटीत फायबरचं काम करणं शक्यच नव्हतं. फायबर चिकटवणाऱ्या रेझिनचा वास चार मजले चढतो आणि लहान मुलं असलेल्या घरांची तक्रार अगदी बरोबर असते. ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर बेलापूरजवळच्या दिवाळे गावचं, तिचे वडील मासेमारी करणारे. त्यांना सगळं गाव नाखवा म्हणतं, मीही तेच म्हणू लागले. जाळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडशेजारी त्यांनी जागा दिली. भाड्याचा विषय काढला तर मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, हातात चहा दिला आणि विषय संपला.

मार्च होता. मला होडी पाण्यात बघायची घाई होती. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, हातभर लांब तडा होता. तो ग्राइंडरने घासला, त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन चढवलं, वरून पॉलिश पेपर मारला. पाहून वाटलं, छान जमलं. पाचव्या दिवशी तो अख्खा पॅच पापुद्र्यासारखा एका तुकड्यात सुटून आला. खालची बाजू ओली होती आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. नाखव्यांनी तुकडा नाकाशी धरला, मग बांध्यावर तळवा ठेवून म्हणाले, "आतमंदी पानी हाय. पयले ते काढ. रंग मंग."

म्हणून भंगारवाल्याचा काटा.

या होडीच्या दोन्ही बाजूंना बंद टाक्या असतात. होडी उलटली तर तिला तरंगत ठेवायचं काम त्यांचं. टाकीत हवा असायला हवी. माझ्या होडीच्या टाक्यांची गोल झाकणं रंगाने चिकटून बसली होती. डाव्या बाजूचं झाकण फिरवायला पूर्ण संध्याकाळ गेली. ते निघालं तेव्हा आत हवा नव्हतीच, पिवळा फोम होता. आधीच्या कुणा मालकाने सुरक्षिततेसाठीच ओतला असणार. नवीन असताना तो तरंगायला मदत करतो, पण वर्षानुवर्षं ओलीत राहिला की पाणी धरून बसतो. बोट रुतवलं तर बोटाभोवती पाणी जमलं. झाकणाच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालून, बागेतल्या खुरप्याने, मूठ-मूठ करून तो फोम बाहेर काढला. दोन शनिवार-रविवार गेले. हातांवर पुरळ उठलं, मग लांब हातमोजे आणले. निघालेला फोम गोण्यांत भरून तोलला: १९ किलो.

१३१ वजा १९, म्हणजे ११२. अजून १८ शिल्लक.

रंग खरवडायला लागले तर खाली हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली पांढरा. मध्येमध्ये गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात तसली पुट्टी थापलेली. ती पुट्टीही पाणी पिते. सगळं मूळ जेलकोटपर्यंत, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरापर्यंत, खरवडलं, पोत्यात भरलं, तोललं: ९ किलो. बसायची आडवी फळी कुजली होती, ती काढली. हिशेब हळूहळू जुळत होता. पण पाणी बाहेर काढलं, ते शिरलं कुठून हे कळलं नव्हतं. ते सापडल्याशिवाय नवीन होडीसुद्धा दहा वर्षांत तशीच होईल.

हा शोध मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते. टाकी रिकामी झाल्यावर झाकण बंद केलं, झाकणाला छोटं भोक पाडून त्यात मत्स्यालयाची नळी बसवली आणि तोंडाने फुंकलं. पंप वापरू नये, दाब जास्त झाला तर टाकीचे सांधे उसवतात. मैत्रीण ब्रशने भांड्यांच्या साबणाचं पाणी सगळीकडे लावत होती. सांध्यांना काही नाही. झाकणाच्या कडेला काही नाही. मी गाल फुगवून फुंकतेय, डोळ्यांपुढे काजवे. मग ती म्हणाली, "थांब. हे बघ." होडी एका बाजूला कलली की तोल सांभाळायला बाहेर झुकावं लागतं, तेव्हा पाय अडकवायला एक पट्टा असतो. त्या पट्ट्याचा स्क्रू टाकीच्या भिंतीतून आरपार गेलेला. त्याच्या डोक्याशी एक बुडबुडा आला. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, फुटला, आणि पुन्हा मोहरीएवढा. मी फुंकायची थांबले की तोही थांबायचा. चार मिलिमीटरचं भोक, आणि त्यात सीलंटचा एक थेंबही नाही. दोन्ही बाजू मिळून असे सहा स्क्रू निघाले. प्रत्येक वेळी होडीत पाणी आलं की थोडं थोडं तिथून टाकीत उतरत राहिलं.

एप्रिल-मे फक्त वाळवण्यात गेले, आणि जुनी होडी घेणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन की हा वेळ वाचवू नका. घासलेल्या बांध्यावर फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवायचं आणि उन्हात सोडायचं. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं असेल तर बांधा अजून ओला आहे. पहिल्या आठवड्यात थेंब ओघळत होते. मग नुसती वाफ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिक कोरडं राहिलं, सलग तीन दिवस. तेव्हाच मॅटला हात लावला.

फायबरचं काम शिकले ते तुर्भ्याच्या एमआयडीसीत टाक्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून. त्याने आधी दोन बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायला लावल्या. एकीत कोबाल्ट, दुसरीत कॅटॅलिस्ट. दोन्ही रेझिनमध्ये जातात, पण एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट, तेही शंभराला एक ते दोन एवढंच. मेच्या उन्हात मी एकाकडेच राहिले, तरी पाव किलोचा डबा वीस मिनिटांत हातात गरम व्हायचा. दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती उताराची. तड्याच्या कडा सरळ कापायच्या नाहीत, जाडीच्या बारापट लांब उतार घासायचा. तीन मिलिमीटरच्या बांध्याला साडेतीन सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना. मग नवी मॅट जुन्यावर पसरून बसते. नाळेवरचा पॅच या वेळी सुटला नाही. मुठीने ठोकलं तर टणटण.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत नाखव्यांना उसंत होती, आणि त्यांनी सागवानाची आडवी फळी आणि सुकाण्याचं पातं करून दिलं. रंधा त्यांचा, पॉलिश पेपर माझा. जेलकोटचं काम मात्र पावसाळ्यात काढलं नाही, दमट हवेत फायबर नीट वाळत नाही. ते दसऱ्यानंतर केलं.

दोरखंड आणि तारांबद्दल थोडक्यात. डोलकाठीला धरणाऱ्या तारांवरून सुती फडकं फिरवलं, तीन ठिकाणी अडकलं. म्हणजे तारेचा एकेक धागा तुटलेला. सगळ्या तारा नव्या केल्या, इथे काटकसर करायची नाही. शिडांचं कापड चांगलं निघालं, पण शिवण नखाने खरवडली तर दोरा भुगा होऊन आला. उन्हाने आधी दोरा जातो, कापड नंतर. ठाण्याच्या बाजारात ताडपत्र्या शिवणाऱ्या एका काकांनी जाड पॉलिस्टरच्या दोऱ्याने जुन्या शिवणीच्या शेजारून नागमोडी टीप मारून दिली. निळं शीड त्यांनी दुकानाबाहेर फुटपाथवर पसरलं तेव्हा लोक थांबून बघत होते. ट्रेलर फक्त जेट्टीच्या उतारापुरता ठेवला, बेअरिंगं बदलली, आणि चाकाचा हब खाऱ्या पाण्यात बुडवायचा नाही हे ठरवलं.

टाक्यांत पुन्हा फोम घातला नाही. सहाही भोकं बुजवली, पट्टे बाहेरून वेगळे बसवले, आणि आत पाच-पाच लिटरचे रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन ठेवले, एका बाजूला बारा. टाकी फुटलीच तरी प्रत्येक बाजूला साठ लिटर हवा राहील. पुन्हा काट्यावर: १०७. नवी मॅट, रंग, कॅन हे सगळं धरून. ९४ पर्यंत पोचले नाही, पण त्या १०७ मधला प्रत्येक किलो मला माहीत होता.

होडी कुठे चालवायची हेही आधीच ठरवलं होतं. वाशीच्या पुलापासून ऐरोलीच्या पुलापर्यंतची खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येते. २०१५ साली ते घोषित झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. तिथे पक्ष्यांचं राज्य असावं, असं मला मनापासून वाटतं. मी पनवेल खाडीच्या बाजूला राहणार होते.

दिवस नाखव्यांनी निवडला. उधाणाला, म्हणजे पुनवेला-अवसेला, पाणी खूप चढतं आणि तेवढ्याच जोरात ओढतं. अष्टमीनंतर भांग असतो, पाणी मवाळ. त्यांचा हिशेब मला फार आवडला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट, साडेसात. बेलापूरपर्यंत पाणी यायला जरा उशीर होतो, एवढं धरायचं. मार्गशीर्ष शुद्ध दशमी ठरली. "जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा," ते म्हणाले. "येताना वाराच तुला आनून सोडंल."

पावणेसातला आम्ही दिवाळ्याच्या उतारावर होतो. थंडी होती, जमिनीवरून मतलई वारा येत होता, अगदी हलका. लाइफ जॅकेट घातली, मैत्रीण पुढे, मी सुकाण्याशी. मावशींनी नाळेला हळदकुंकू लावून नारळ फोडला. शीड वर चढताना फडफडत होतं, मग दोर ओढला आणि ते एकदम शांत झालं, भरलं. सुकाण्याच्या दांड्यातून पाणी हाताला जाणवायला लागलं, बारीक थरथर, जशी मांजर मांडीवर बसल्यावर जाणवते. चढत्या पाण्याने आम्हाला आत नेलं. तिवरांच्या कडेला बगळे उभे होते, ते उडाले नाहीत. आठच्या सुमारास पाणी थबकलं तशी होडी वळवली. परतताना कुणी काही बोललं नाही.

नऊला होडी वर ओढली. तळात दोन तांबे पाणी होतं, मधल्या फळीच्या खाचेतून उडालेलं. ते पुसून घेतलं. टेम्पो आधीच सांगून ठेवला होता. भंगारवाल्याने दुकान उघडलं तेव्हा आम्ही दारातच होतो. आकडा थोडा हलला आणि थांबला: १०७.

शेडवर परतल्यावर नाखव्यांनी डाव्या टाकीचं झाकण स्वतः फिरवून काढलं. आत कोपरापर्यंत हात घातला, कॅनच्या खाली, अगदी तळाला. हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासली.

"सुका हाय," म्हणाले.