हळदीकुंकवाचे आमंत्रण सर्वांना

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाला विधवा स्त्रियांना बोलवावे की नाही, हा प्रश्नच मला अपमानास्पद वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. मात्र नुसते बोलावून भागत नाही. वाण दिले, तिळगूळ दिला, पण कुंकवाचा करंडा पुढे करताना यजमानीणबाईंचा हात क्षणभर थबकला, की समोरच्या बाईला सारे कळते. म्हणून करंडा प्रत्येकीसमोर त्याच सहजतेने धरावा आणि कुंकू लावून घ्यायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. उखाण्याचा आग्रहही मला खटकतो. त्याऐवजी ओव्या म्हटल्या, तर अविवाहित मैत्रिणींनाही त्यांत सूर मिसळता येईल.